फुटबॉलवाल्याचं बलुतं

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला आणि अंगणात सुपारी वाळत पडली, की माझे कान आपोआप फाटकाकडे लागतात. खरं तर आता कोणी येण्यासारखं उरलेलं नाही. न्हावी दुकान थाटून आरशासमोर बसतो, सुताराचा मुलगा मुंबईला गेला, लोहाराच्या भात्याच्या जागी वेल्डिंगची ठिणगी उडते. तरी या दिवसांत एक जण न चुकता येतो. अंगणाच्या कडेला चपला काढतो, पिशवीतून चिंध्यांचा चेंडू काढतो, सुपारीवर पाय पडणार नाही अशा बेताने एक लाथ मारतो, आणि मग मी त्याला दोन पायल्या भात देतो. घरी पाहुणे असले तर वेड मला लागलंय की त्याला, याचा ते बराच वेळ अंदाज घेत बसतात.

यंदा तो यायच्या दिवशी माझा नातू इथे होता. मुंबईचा पोरगा, पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचणारा. सकाळी त्याने मला वाचून दाखवलं की आपल्या देशात फुटबॉलची धंदेवाईक लीग काढायचं घाटतंय, खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळणार आहे, आणि या देशात असं पूर्वी कधीच झालेलं नाही. मी म्हटलं, "झालेलं आहे. इथे श्रीवर्धनला. पंच मी होतो." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि आत हाक मारून आईला विचारलं की आजोबांनी सकाळची गोळी घेतली का.

गोळी घेतली होती. आणि लीग झाली होती. तीस सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली ती गोष्ट. नेमकं साल आता सांगता येणार नाही, पण थंडी आठवते. पहाटे वाड्यांमधून धुकं बाहेर पडायचं ते सुपारीचा ओला, तुरट वास अंगाला लावूनच. कापलेल्या शेतांत वाल फुलायचा. संध्याकाळी कुठल्या तरी बांधावर मडकं उपडं घालून पोपटी लावलेली असायची, आणि त्या वालाच्या शेंगांच्या वाफेने शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा शेरा मवाळ लिहून जायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, मराठी शाळेत मास्तर. माझ्याजवळ कवायतीची एक पितळी शिटी होती. सबंध तालुक्यात शिटी एकच, म्हणून पंचही एकच. माझी पात्रता एवढीच.

लीग काढली दाऊदने. दाऊद बोटीवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा लोटणारा माणूस. त्याने जग पाहिलं ते असं, बंदराबंदराला दोन-दोन दिवस वर येऊन. त्याची बायको जैनब म्हसळ्याची. तिला वाचता येत नसे, म्हणून त्याची पत्रं ती माझ्याकडे घेऊन येई आणि उत्तरंही मीच लिहायचो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यांतले जेमतेम सात-आठ महिने दोघं एका छपराखाली राहिलेली. त्यांचं पहिलं मूल तापाने गेलं तेव्हा दाऊद कुठल्या समुद्रात होता कोणास ठाऊक. ते कळवणारं पत्रही मीच लिहिलं. जैनब शाळेच्या पायरीवर बसली होती, आणि काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिवा, बकरी बरी हाय." बाकीचं मी माझ्या मनाने लिहिलं. आयुष्यात मी पुष्कळ अक्षरं काढली, त्यांतली ती सर्वांत वाईट.

त्या हिवाळ्यात दाऊद आला तो काखेत चामड्याचा एक चेंडू घेऊन. आल्या आल्या माझ्याकडे येऊन बसला.

"मास्तर, तिकडं विलायतेत शनवारी समदा गाव ढकलाढकली करत मैदानात जातो. आणि खेळणाऱ्याला पगार. गोदीवाल्याला कसा, तसा. लाथ मारायचा पगार."

"कोणाला लाथ मारायचा?"

"चेंडवाला."

मला पगार मिळे तो लाथ न मारता शिकवण्याचा, आणि तोही वेळेवर मिळत नसे.

"होळी झाली की सारंगाचं बोलावणं येणार," दाऊद म्हणाला. सारंग म्हणजे बोटीवर माणसं भरणारा मुकादम. "मी जैनबला जबान दिलीय. ही लीग हितं उभी राहिली, पोटापुरतं मिळायला लागलं, तर बोट सोडली. न्हाय तर मी चाललो. मग ती पुन्ना तुमच्याकडं कागद वाचायला येणार."

हे शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं, पण मी लगेच शिटी शोधायला उठलो.

लीगचं नाव त्याने बोटीवरच ठरवून आणलं होतं: अखिल हिंदुस्थान धंदेवाईक फुटबॉल लीग. गावं चार: श्रीवर्धन, बोर्ली, म्हसळा आणि माणगाव. प्रत्येकाने प्रत्येकाच्या गावी जाऊन एकदा खेळायचं. मी म्हटलं, चार गावांना अखिल हिंदुस्थान कसं म्हणायचं? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. श्रीवर्धन, बोर्ली, म्हसळा ही संस्थानात. माणगाव इंग्रजाच्या मुलखात. दोन सरकारं आली की देश आलाच. या तर्कातली चूक मला आजही दाखवता येत नाही. माणगावला पहिल्यांदा निघालो तेव्हा वाटेतल्या चौकीवरच्या कारकुनाने चेंडू हातात घेऊन दाबून पाहिला आणि आत काय आहे म्हणून विचारलं. दाऊद म्हणाला, वारा. कारकुनाने बराच विचार केला, आणि वाऱ्याबद्दल काही लिहून आलेलं नाही म्हणून जाऊ दिलं.

नियम दाऊदच्या तोंडपाठ होते, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. पुढे लक्षात आलं की त्याने सगळे सामने उंच गोऱ्यांच्या मागे उभं राहून पाहिलेले होते. त्यामुळे चेंडू हवेत असतानाचे नियम त्याला पक्के ठाऊक होते, जमिनीवरचे नव्हते. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यालाच नीट कळलेलं नव्हतं, तर तो मला काय सांगणार आणि मी अकरा जणांना काय सांगणार. शेवटी मी माझ्या पद्धतीने शिकवलं: दुसऱ्याच्या घरात शिरताना घरचं माणूस दारात असायला हवं, रिकाम्या घरात शिरू नये. हे सर्वांना लगेच पटलं. इतकं पटलं की आमचे लोक गोलाजवळ पोचले की आधी खाकरायचे.

स्वतः दाऊद खेळे तो पुढे. अंगाने काटक, भट्टीसमोर उभं राहून राहून वाळलेला, पळायला वाऱ्यासारखा. त्याची एकच खोड होती. चेंडूला लाथ मारताना तो डोळे गच्च मिटायचा. भट्टीचं दार उघडताना झळ येते, तेव्हा लागलेली सवय.

आता प्रश्न पगाराचा. रोख पैसा तेव्हा आमच्याकडे दिसायचा तो मुंबईच्या मनिऑर्डरीतून. पण गावात काम करून पोट भरण्याची एक रीत होतीच: बलुतं. न्हावी, सुतार, लोहार, परीट वर्षभर गावाचं काम करत, आणि सुगी झाली की प्रत्येक घर त्यांना ठरलेलं धान्य देई. दाऊदला ही वाट मी सुचवली. आम्ही दोघं अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे सुपारीच्या चार वाड्यांचे मालक. गावात काही नवं करायचं तर आधी त्यांच्या ओटीवर जाऊन बसावं लागे. त्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.

"अकरा जणांना बलुतं?" त्यांनी विचारलं. "गावाला सुतार एक पुरतो. फुटबॉलवाला एक पुरेल."

तेव्हा धंदेवाईक असा दाऊद एकटा झाला, बाकीचे दहा हौशी. इतर गावांनीही हाच कित्ता गिरवला आणि एकेक फुटबॉलवाला नेमला. म्हसळ्याचा नेमला गेला जैनबचा भाऊ युसुफ. तो गोल राखायचा आणि एरवी कापड विकायचा.

"पण हे यंदा चाचणीपुरतं," अण्णा म्हणाले. "होळीला काय ते पक्कं करू. आपल्या गावात सगळेच शूर. परगावात जाऊन एकदा तरी जिंकून दाखवा, तर फुटबॉलवाला म्हणू. न्हाय तर दाऊदनं आपली बोट बघावी."

अट साधी वाटली. तीन परगावं, त्यांतलं एक जिंकायचं. आम्ही खुशीत ओटी उतरलो.

घरटी भात गोळा व्हायला लागलं तशी एक अडचण पुढे आली, जी विलायतेत कोणाला आली नसेल. आमच्याकडे बलुतं दिलं की बदल्यात काम घ्यायची रीत. न्हाव्याला भात दिलं तर तो येऊन दाढी करतो. मग फुटबॉलवाला येऊन काय करणार? लोक विचारू लागले, आमच्या वाट्याचा गोल कुठे आहे. त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी दाऊदने मान्य केलं की प्रत्येक गोल एकेका घराच्या नावाने मारला जाईल, आणि तो क्रम मी शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर लावून ठेवला. गोल झाला की मी शिटी वाजवून त्या घराचं नाव पुकारायचं. एक म्हातारी रोज मधल्या सुट्टीत येऊन बसे. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाआधी आपला गोल झालाच पाहिजे असा तिचा हेका होता. तिला चार घरं ओलांडून पुढे घेतलं, तर ती चार घरं माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा अण्णांच्या घराची पाळी असताना आमच्या धर्माने, तो आमचा गोलराखा, गडबडीत चेंडू आपल्याच गोलात ढकलला. हा गोल अण्णांच्या नावावर लावायचा का, यावर ग्रामसभा झाली. अण्णा म्हणाले, तो धर्माच्या घरच्या नावावर लावा. धर्माची आई म्हणाली, आम्ही भात दिलेलं नाही, आम्हाला गोल कशाला. तो गोल आजही बेवारस आहे.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्या थंडीत मी हसत नव्हतो. आम्ही घरी जिंकत होतो आणि बाहेर हरत होतो. बोर्लीला हरलो, माणगावला हरलो. आणि आम्हीच नाही, परगावात सगळेच हरत होते. कारण कळायला मला उशीर लागला, कारण मीही त्या कारणात पोटभर सामील होतो. पाहुणे येणार म्हटल्यावर यजमान गाव सकाळपासून चुली पेटवायचं. बोर्लीला कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वर नारळाच्या रसातल्या शेवया. माणगावला मटण. नको म्हटलं तर अपमान, कमी घेतलं तर विचारपूस. अकरा जण दोन वाजता पानावरून उठायचे आणि तीन वाजता मैदानात उभे राहायचे, उभे म्हणजे जेमतेम. यजमानांना मात्र वाढता वाढता जेवायला सवड झालेली नसायची, त्यामुळे ते हलके. कोणी लबाडी करत नव्हतं. दारी आलेल्या माणसाला उपाशीपोटी पळायला लावायचं, हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. आमच्याकडे पाहुणे आले की जैनब स्वतः रांधायची, आणि तिच्या हातची बिर्याणी खाऊन माणगावचा अख्खा संघ शेवटी शेवटी मैदानात बसला होता.

मी एक नियम काढून पाहिला: जेवण सामन्यानंतर. चारही गावांना कळवलं. माणगावने उलट निरोप धाडला की मास्तरांना आमच्या घरात अन्नाचा तुटवडा दिसला काय. मी नियम मागे घेतला.

उरलं म्हसळं. शेवटचा सामना, शेवटचं परगाव, आणि दाऊदची सासुरवाडी. जावई म्हणून येणाऱ्या माणसाला त्या घरात काय काय खावं लागतं हे मला नव्याने सांगायची गरज नव्हती. त्यातून त्याची सासू अमिनाबी. तिच्या हाताची चव महाडपर्यंत ठाऊक होती. सारंगाचं कार्डही आलं होतं, मीच ते वाचून दाखवलं. जैनबने ते घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं. फाटकापर्यंत येऊन ती मला एवढंच म्हणाली, "मास्तर, शिटी नीट वाजवा."

पहाटे तीन बैलगाड्या जुंपून आम्ही निघालो. माहेरी जायचं म्हणून जैनबही गाडीत होती. दहाच्या सुमाराला म्हसळ्यात पोचलो, अमिनाबीच्या पडवीत पाट मांडलेले होते, हातपाय धुऊन आम्ही बसलो. आणि पानात आली पेज. नुसती तांदळाची पेज, मिठाचा खडा आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा एकेक तुकडा.

सगळ्यांनी एकमेकांच्या पानात डोकावून पाहिलं. मग धर्मा म्हणाला, "सासुरवाडीत जावयाला पेज? आमी काय आजारी हाव?"

अमिनाबी दारात उभी होती. "आज पेजच," ती म्हणाली. "रातीला काय हवं ते मागा. आज मी पेज न्हाय रांधली, लेकीचा संसार रांधलाय."

मला तिचे पाय धरावेसे वाटले. बाईने सगळं ओळखलं होतं. एवढंच नाही, तर म्हसळ्याच्या अकराही जणांना तिने सकाळी आठलाच मागल्या दारी जेवायला बसवलं होतं. कोंबडी, वडे, आग्रह. युसुफ तिचा सख्खा मुलगा, पण त्यालाही सोडलं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि आम्हाला बघून त्याने फक्त डोळ्यांनी सलाम केला.

बेत अगदी बिनचूक होता. पण त्यात एक गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे म्हसळं. पाहुण्यांना पेज वाढली ही बातमी पाऊण तासात गावभर झाली. गावाची लाज निघाली. आधी शेजारच्या घरातून घावनांचं ताट आलं, मग वरच्या आळीतून वालाचं बिरडं, मोहल्ल्यातून खिमा, बाजारपेठेतून एका गुजराती दुकानदाराचे लाडू. बायका रांगेने येत होत्या, अमिनाबीकडे न बघता वाढत होत्या आणि आमच्या लोकांची समजूत घालत होत्या. अमिनाबी दारात आडवी उभी राहिली, तर त्या मागल्या दाराने आल्या. पेज खाऊन दुखावलेले आमचे लोक मग असे जेवले की बोर्ली आणि माणगाव दोन्ही विसरले. पंचालाही कोणी वगळलं नाही. माझ्या घरच्यांनी मी कोणाकडे काय खातो हे विचारायचं तेव्हाच सोडून दिलेलं होतं, त्यामुळे मीही काही सोडलं नाही.

दाऊद मात्र पेजेवरच राहिला. ताट पुढे आलं की तो हात जोडून आडव्या कुडाकडे, म्हणजे काटक्यांच्या भिंतीकडे, बघायचा. कुडाच्या फटीत जैनब उभी होती.

सामना चारला सुरू झाला. तसला सामना मी पुन्हा पाहिला नाही, कोणी पाहिलाही नसेल. बावीसांतले एकवीस जण चालत होते. चेंडू कोणाच्या पायाशी आला तर तो आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग दुसऱ्या कोणाला हवा आहे का ते बघायचा. धर्मा गोलाच्या बांबूला टेकून उभा होता, पलीकडे युसुफ दुसऱ्या बांबूला. बांबूंच्या वर आडवी काथ्याची दोरी, जाळं नव्हतंच. युसुफच्या गोलाच्या कडेलाच अमिनाबीच्या परसाचा कुड होता, आणि घरातल्या बायका त्याच्या फटींतून सामना बघत होत्या. एकदा चेंडू वालाच्या शेतात गेला तर आणायला कोणी जाईना, शेवटी शेतवाल्यानेच शेंगा मोडतात म्हणून परत फेकला. मी एका जागी उभा राहून शिटी वाजवत होतो. फार जवळ जायची माझ्यात ताकद नव्हती. सूर्य उतरला, सावल्या लांबल्या, ना त्यांचा गोल ना आमचा. बरोबरी झाली तर अण्णांची अट पुरी होत नव्हती. माझ्या घड्याळात तीन मिनिटं उरली होती आणि मला शाळेची पायरी दिसू लागली होती.

तेवढ्यात आमच्या बाजूने चेंडू सुटला आणि दाऊद धावला. त्याला अडवायला कोणी नव्हतंच, जो तो जागेवरून त्याच्याकडे बघत होता. त्याने सबंध शेत एकट्याने ओलांडलं. पुढे फक्त युसुफ. दाऊदने पाय उचलला. मी लांब होतो, सूर्य समोर होता, धूळ उडाली होती, आणि त्याच क्षणी मला दुपारच्या बिरड्याची एक मोठी ढेकर आली आणि डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून बघतो तर चेंडू गोलापलीकडच्या वालात पडलेला.

आतून गेला की बाहेरून, मला दिसलं नव्हतं.

सगळं म्हसळं माझ्याकडे बघू लागलं. पंचाने जे पाहिलं नाही ते सांगू नये, एवढा एकच नियम मला कोणी न शिकवता ठाऊक होता. मी शिटी तोंडाशी नेली. आणि मला ते पत्र आठवलं, बकरी बरी असल्याचं. मी शिटी वाजवली आणि म्हणालो, "गोल."

युसुफने मागे वळून वालाकडे पाहिलं, मग बांबूकडे, मग कुडाकडे. "व्हय," तो म्हणाला. "गोलच हाय." गोलराख्यानेच कबूल केल्यावर वाद संपला. त्याने जाऊन दाऊदला मिठी मारली, आणि मला वाटलं की देवाने आज माझी लाज राखली. खोटं बोलायला गेलो ते खरं निघालं. त्या रात्री मी शांत झोपलो, आणि पुढे साठेक वर्षं त्या गोलाबद्दल शांतच झोपत आलो.

होळीला अण्णांनी शब्द पाळला. दाऊदचं बलुतं पक्कं झालं. सारंगाच्या कार्डाला उत्तर मी लिहिलं. माझ्या अक्षरातलं ते सर्वांत चांगलं पत्र असेल. लीग मात्र पुढच्या थंडीत उभी राहिली नाही. बलुतं म्हटल्यावर वतन आलं, वतन म्हटल्यावर भाऊबंदकी. बोर्लीत उजव्या बाजूने खेळण्याचा हक्क थोरल्या भावाचा की धाकट्याचा यावर भांडण लागलं. माणगावात नेमलेल्या माणसाच्या जागी त्याचा पासष्टीचा चुलता येऊन उभा राहिला, कारण घरात वडील तो. मग चेंडूच निवडुंगावर पडून फुटला, आणि तसला दुसरा कोणाकडे नव्हता.

लीग मेली, पण बलुतं मरत नाही. दाऊदने जाळी दुरुस्त करायचा धंदा काढला, चार मुलं वाढवली, आणि दर सुगीला घरोघर जाऊन चिंध्यांच्या चेंडूला एकेक लाथ मारून, त्या घराचं नाव घेऊन, भात नेलं. काम केल्याशिवाय त्याने कधी दाणा उचलला नाही. तो गेला, मग मुलगा येऊ लागला, आता नातू रशीद येतो. जुनी पाच-सहा घरं अजून देतात. का देतात हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नाही. मला वाटतं, देशात लीग निघेल तेव्हा निघो, खेळाच्या पगारावर तीन पिढ्या जगलेलं घर त्यांना दुसरं दाखवता यायचं नाही.

यंदा रशीदबरोबर जैनबही आली. पाठीत वाकली आहे, पण नजर तशीच. ओटीवर टेकली. नातवाने पेपर बाजूला ठेवून तिला विचारलं, "आजी, खरंच होती लीग?"

"व्हय तर," जैनब म्हणाली. "तुझे आजोबा पंच व्हते."

मी नातवाकडे विजयाने पाहिलं आणि म्हसळ्याचा गोल सांगायला घेतला. जैनब ऐकत होती. संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"मास्तर, त्यो चेंडू बाहेरून गेला व्हता. वीतभर बाहेरून. मी व्हते ना कुडाजवळ."

मी विचारलं, "आणि युसुफ?"

"त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हालवली."

"दाऊदला ठाऊक होतं?"

"त्यांचे डोळे मिटलेले. जलमभर सांगत व्हते लोकांना, काय गोल मारला म्हणून." ती हसली. "बोलले असते तर ते बोटीवर गेले असते. मग मी कुणाकडं बोलले असते?"

नातू आता पेपराकडे बघत नव्हता. मी काही तरी म्हणायचं म्हणून म्हटलं, पंचाने असं करायला नको होतं.

"दर ईदला तुमच्याकडं सांदण येतंय ना?" तिने विचारलं.

येतं. तांदूळ आणि नारळाचं ते पांढरंशुभ्र, मऊ सांदण, झाकलेल्या ताटात. एकही ईद चुकलेली नाही, दाऊद गेला त्या वर्षीचीसुद्धा. आम्ही ते जुन्या ओळखीचं म्हणून खात आलो.

"ते तुमचं बलुतं, मास्तर."

मी उठून आत गेलो आणि कणगीपाशी जरा वेळ उगीच उभा राहिलो. दोन पायल्या भरल्या, शीग लावून. बाहेर आलो तोवर रशीदने चपला काढल्या होत्या आणि चेंडू मांडला होता. त्याने माझ्या घराचं नाव घेतलं, पाय उचलला, आणि आजोबासारखे डोळे गच्च मिटले. चेंडू सरळ वाळत घातलेल्या सुपारीत गेला आणि सुपाऱ्या अंगणभर गडगडत सुटल्या.

नातवाने माझ्याकडे पाहिलं. जैनबनेही पाहिलं.

"गोल," मी म्हटलं.